रानातल्या डब्याची झोप मोजताना

मित्रांनो, मी एक जुना मल्टीमीटर आहे, आणि माझी गोष्ट मी एका पत्रापासून सांगतो. दिवाळी आटोपल्यावर ते पत्र आले. रमाकांत सरांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, घडी घातली आणि टेबलावर माझ्याखाली ठेवून दिले. उत्तर त्यांनी पाठवले नाही. लिहायला ते बसत. ‘तुझे पत्र पोचले’ एवढे लिहीत, मग ‘मला यातले फारसे कळत नाही, तरी बहुधा’ इथपर्यंत येत आणि कागद चुरगळून टाकत. संक्रांत जवळ आली तरी पत्र तिथेच होते. चिखलीच्या शाळेत कितीतरी मुलांना वीज मोजायला शिकवणाऱ्या माझ्याकडे आता कागद उडू न देण्याचे काम आले होते.

माझ्याबद्दल थोडे सांगतो. एका कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली डोळा ठेवून केसाहून बारीक तारेची गुंडाळी केली. ती लोहचुंबकाच्या जबड्यात दोन टोकांवर तोलली आणि तिला काटा जोडला. तारेतून विजेचा प्रवाह गेला की गुंडाळी वळते आणि काटा सरकतो. माझे अंतरंग ते एवढेच. आकड्यांच्या पट्टीखाली आरशाची एक चिंचोळी पट्टी आहे. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा योग्य जागी आहे असे समजायचे. त्या आरशामुळे मला माणसे नेहमी एकाच डोळ्याने भेटली.

शाळेत आलो तेव्हा सर तरुण होते; लाजाळू मात्र तेव्हाही होते. वर्गात ते मुलांकडे न पाहता माझ्याकडे पाहून शिकवत. ‘हा जे दाखवेल ते लिहा, मनाचं लिहू नका,’ असे म्हणत. मुले माझे कौतुक करत आणि मला जाळतही. एकाने मला सरळ भिंतीतल्या विजेला जोडले, माझ्या पोटातून धूर निघाला. सरांनी मला उघडले, जळका भाग बदलला आणि बाळाच्या डोळ्यावर फुंकर घालावी तशी माझ्या काट्यावर घातली. पुढे आकडे लिहून दाखवणारे नवे मीटर आले. मला कपाटात फुटक्या चंचुपात्रांमागे जागा मिळाली. सर निवृत्त झाले त्या वर्षी शाळेने जुने सामान काढले, तेव्हा त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून घरी आणले. मोजण्यासाठी नव्हे, सोबतीला आणले असावे.

सर फोनवर बोलत नाहीत. घंटी वाजली की उठून आत जातात आणि त्यांच्या पत्नी, शकुंतलाबाई, बोलतात. हे ठाऊक असलेली त्यांच्या शाळेतली जुनी मुले अजून पत्रे लिहितात. ते पत्रही अशाच एका मुलीचे होते. तिचे नाव पुष्पांजली. माहेर अमडापूरचे, शिक्षण चिखलीत सरांच्या हाताखाली, आता सासर पिंपळगाव राजाचे.

तिने लिहिले होते की त्यांच्या शेताला लागून नाला आहे, नाल्यात बोरीचे रान आहे, आणि बोरे धरली की तिथे अस्वले येतात. म्हणून तिने तीन छोटे डबे बनवले आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांना बांधले. डब्यात अंगाची ऊब ओळखणारा एक डोळा, डब्याचा मेंदू म्हणजे नखाएवढा मायक्रोकंट्रोलर आणि संदेश पाठवणारी एक तार. जनावर आले की डबा जागा होतो आणि घरातली घंटा वाजते. मग त्या सकाळी कोणी शेतात जात नाही. सगळे छान होते, फक्त सेल टिकत नव्हते. हिशेबाने ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालायला हवेत, पण महिनाही होत नाही तोच डबा मुका होतो. ‘सर, यात माझं काय चुकतंय?’ एवढेच तिने विचारले होते.

मित्रांनो, या प्रश्नात भीती कुठे आहे ते नीट पाहा. जनावर आले नाही तर डबा गप्प असतो. सेल संपला तरी डबा गप्पच असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी पुष्पांजली स्वतःच आली. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती. तिने पायऱ्यांवरूनच विचारले, ‘सर, पत्र भेटलं नाही का तुम्हाले?’

सरांनी माझ्याकडे पाहिले. शकुंतलाबाई म्हणाल्या, ‘भेटलं ना. ते काय, त्या मीटरखाली. मी रोज धूळ झटकते त्याच्यावरची. ये, बस आधी. चहा घेशील ना?’

‘चहा नको, काकू. अमडापूरवरून उभी आली गाडीत, थोडं पाणी द्या.’

पाणी पिऊन तिने पिशवीतून एक करडा डबा आणि एक जादा घंटा काढून टेबलावर ठेवली. मग खाली पाहून म्हणाली, ‘मागच्या आठवड्यात सेल बदलाले हे गेले होते. हा डबा काढला तोच बोरीतून अस्वल निघालं, पिल्लू होतं पाठीवर. हे मागं सरकता सरकता नाल्यात पडले. हात मोडला. अस्वल निघून गेलं म्हणून बरं.’

‘ज्ञानेश्वरराव? अगं बाई!’ शकुंतलाबाई खुर्चीवर टेकल्या. ‘मग काढून टाका की ते डबे.’

‘कसे काढू? हरभऱ्यात माह्या सासूबाई असतात सकाळपासून. दोनदा घंटा वाजली म्हणून त्या वाचल्या. डबे पाहिजेत, अन् सेल बदलाले अस्वलाच्या घरात जा लागते. आता येत्या रविवारी पुन्हा जातो म्हणतात. एका हातानं.’

सरांनी पत्रावरून मला उचलले. त्यांचे हात गार होते.

आता थोडे मापांविषयी. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे मायक्रोअँपिअर. पुष्पांजलीचा डबा जागा होतो तेव्हा क्षणभर मिलिअँपिअर खातो. झोपतो तेव्हा फक्त काही मायक्रोअँपिअर. पंपाने पाणी सोडणे आणि ठिबकच्या नळीतून थेंब पडणे यांत जेवढा फरक, तेवढा. डब्याचे सगळे आयुष्य त्या झोपेवर चालते. झोपेत तो किती खातो आणि किती वेळा जागा होतो, हे कळले की सेल किती टिकेल ते कळते.

सरांनी सेलची एक तार सोडवली आणि त्या वाटेत मला बसवले. प्रवाह मोजायचा तर तो माझ्यातूनच जावा लागतो. माझी कळ त्यांनी सर्वांत नाजूक पट्टीवर फिरवली. काटा हलला, थरथरला आणि थांबला.

‘झोपेतलं ठीक दिसतंय,’ सर हळूच म्हणाले. ‘आता जागा कर.’

पुष्पांजलीने डब्यासमोर हात हलवला. घंटा वाजली नाही. पुन्हा हलवला. माझा काटा पट्टीच्या टोकाला जाऊन आपटला आणि परत आला. डबा जागा व्हायला जायचा आणि मान टाकायचा. सरांनी चटकन हात मागे घेतला.

‘बिघडवला मी. चांगला चालता डबा बिघडवला,’ ते म्हणाले.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते की सर, डबा नाही, मी! नाजूक प्रवाह दाखवण्यासाठी माझ्या पोटात मोठा अडथळा ठेवलेला आहे. झोपेतल्या थेंबांना तो जाणवत नाही. पण डबा जागा होऊन एकदम घोट मागतो तेव्हा मी घशात अडकलेल्या सुपारीसारखा असतो. सेलचा सगळा दाब माझ्यावरच खर्च होतो आणि डब्यापर्यंत काही पोचत नाही. माझ्या आयुष्यातली ही जुनीच खंत आहे, मित्रांनो. जे मोजायला जातो, ते माझ्या असण्यानेच थोडे बदलते. मी जे दाखवतो ते खरे किती आणि माझ्यामुळे किती, याची खात्री मला आजवर झालेली नाही.

पुष्पांजली टेबलाभोवती फिरून आली. ‘सर, मीटर काढून पाहा बरं.’

मला काढले. तिने हात हलवला आणि घंटा खणखणली. शकुंतलाबाई दचकल्या.

‘म्हंजे हाच खाऊन राह्यला,’ पुष्पांजली माझ्यावर बोट ठेवून म्हणाली. ‘तुम्हीच तर शिकवलं होतं सर, मीटर फुकट मोजत नाही म्हणून.’

‘मी शिकवलं होतं?’

‘हाव. परीक्षेत आलं होतं.’

सर ओशाळून हसले. मग त्यांचे हात सरावाने चालू लागले. त्यांनी तारेचा एक तुकडा घेतला आणि माझ्या दोन टोकांवरून आडवा धरायला सांगितला. डबा जागा होताना प्रवाह त्या तारेवरून जायचा. डबा झोपला की तार उचलायची आणि मी मोजायचे. पुष्पांजली तार धरी, सोडी. सर आरशात डोळा घालून वाचत. मग मला मिलिअँपिअरच्या ढोबळ पट्टीवर आणून त्यांनी जागेपणीची उडीही पाहिली. दोन्ही जुळवून कागदावर हिशेब झाला.

दोघांनी तो पुन्हा पडताळला. डब्यात काहीच दोष नव्हता. पुष्पांजलीने लिहिले होते तेच आले होते. सेल पावसाळ्यापर्यंत टिकायला हवा होता.

‘मंग मरते काऊन, सर?’

‘माझंच वाचण्यात काही चुकत असेल. डोळे आता...’ सर चष्मा काढून पुसू लागले.

पुष्पांजली रागावली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. परतीची गाडी गाठायची होती. डबा आणि ती घंटा तिने सरांकडेच ठेवली. पायरी उतरताना म्हणाली, ‘रविवारपर्यंत काही सुचलं तर पाहा. नाही सुचलं तरी कळवा, सर. नुसतं गप नका राहू.’

त्या संध्याकाळी सरांनी मला डब्यापासून सोडवले नाही. ढोबळ पट्टीवर, वाटेत तसाच ठेवून आणि डब्याचा डोळा भिंतीकडे वळवून ते झोपायला गेले. शकुंतलाबाई कुरकुरल्या की जेवणाच्या टेबलावर आता ताट ठेवायला जागा नाही. मी जागा राहून पाहत होतो. काटा शून्यावर स्वस्थ होता. डबा शहाण्या मुलासारखा झोपला होता. आणि मला रविवारचा विचार सोडत नव्हता.

सकाळी न्हाणीत पाणी तापले. न्हाणीचे दार टेबलामागेच आहे. शकुंतलाबाई बादली घेऊन बाहेर आल्या, दार उघडे राहिले आणि पांढरी वाफ टेबलावर पसरली. माझी काच धुरकटली. आणि माझा काटा उडाला.

मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा उडाला. मग पुन्हा.

‘अहो, तुमचा काटा उड्या मारतोय,’ शकुंतलाबाई म्हणाल्या.

‘टेबल हललं असेल,’ आतून आवाज आला.

‘टेबलाला मी शिवलेच नाही! या तरी बघायला.’

सर दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आले. समोर कोणी हात हलवत नव्हते, तरी डबा जागा होत होता. इकडेतिकडे पाहून, कोणी नाही म्हणून, घंटा न वाजवता पुन्हा झोपत होता. आणि लगेच पुन्हा जागा होत होता. आरशात मला सरांचा डोळा दिसला. तो मी वर्गात पाहिलेला डोळा होता.

वाफ विरली. काटा थांबला.

‘योगायोग असेल,’ सर पुटपुटले. पण त्यांनी टॉवेल ओला केला, पिळला आणि तंबू करावा तसा डब्यावर धरला. आम्ही वाट पाहत राहिलो. शकुंतलाबाईंनी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद केला आणि त्याही येऊन उभ्या राहिल्या. काही झाले नाही. सरांचा हात अवघडून आला. ते टॉवेल काढणार, एवढ्यात काटा उडाला.

‘दव!’ सर म्हणाले. ‘आपण दुपारी मोजलं. कोरड्या खोलीत. हा तर नाल्यावर दवात लटकतो. पहाटभर हा असा जागाच राहत असेल!’

त्यांनी झाकण काढून भिंग घेतले. आत, मायक्रोकंट्रोलरच्या बरोबर माथ्यावर, कुंकवाचे ठसठशीत बोट उमटले होते. हळदीचेही. ओले लावलेले, सुकून घट्ट बसलेले. त्यातला एक ओघळ मायक्रोकंट्रोलरच्या दोन बारीक धातूच्या पायांमध्ये उतरला होता. दव पडले की कुंकू ओलावे, त्यातून विजेचा अगदी बारीक झरा वाहे, आणि ज्या पायाला कोणी हाक मारली की डब्याने जागे व्हायचे, त्या पायाला कुंकूच हाक मारत राही.

फोन अर्थातच शकुंतलाबाईंनी लावला. आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवून त्यांनी सगळे सांगितले. पलीकडे पुष्पांजली होती.

‘दसऱ्याले पूजा केली होती, काकू,’ ती म्हणाली. ‘नांगर, पंप, सगळ्याची. सासूबाईंनी डबे उघडाले लावले. म्हने बाहेरून लावलं तर दवानं धुऊन जाते, याच्या जीवाले लावतो.’

‘मग पुसून टाक ना बाळा ते. तिन्ही डब्यांतलं.’

तेवढ्यात फोन दुसऱ्या हातात गेला. ‘कोन बोलते?’ त्या पुष्पांजलीच्या सासूबाई, रुखमाबाई. ‘बाई, माह्या पोराचा हात मोडला. दैव बलवत्तर म्हनून जिवानिशी आला. अन् तुम्ही माह्या सुनेले कुंकू पुसाले सांगून राह्यल्या?’

शकुंतलाबाईंचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला. ‘तसं नाही हो, रुखमाबाई. त्या कुंकवातून वीज जाते...’

‘माह्या कुंकवानंच तो वाचला. तुम्हाले काय मालूम? सरले द्या फोन. त्यायनं पाह्यलं म्हनता ना? त्यायच्या तोंडून ऐकू द्या.’

शकुंतलाबाईंनी फोन पुढे केला. सर एक पाऊल मागे सरले. मग, मी कधी पाहिले नव्हते ते पाहिले. त्यांनी फोन हातात घेतला.

‘हॅलो. मी... म्हणजे, बहुधा त्यामुळंच सेल...’

‘बहुधा?’ रुखमाबाई म्हणाल्या. ‘सर, बहुधा म्हनून कोनी कुंकू पुसते का? माह्या सुनेनं तुम्हाले येवढं मोठं पत्र लिवलं, त्याचा तुम्ही जवाब नाही देल्ला. आता मी कोन्या भरवशावर ऐकू? पक्कं असन तर लिवून द्या. खाली सही करा. कागद माह्या हातात पडला का मी पाहीन. नाहीतर माह्या पोराले जाऊ द्या रविवारी, माही देवी आहे त्याच्या मागं.’

फोन बंद झाला. सर खुर्चीत बसले. गालावरचा साबण सुकून पांढरा झाला होता.

‘लिहा,’ शकुंतलाबाई म्हणाल्या.

‘आणि चुकलं तर? कुंकूही पुसलं गेलं आणि डबाही मुका झाला तर? त्या बाई शेतात असतील.’

‘मग आधी पक्कं करा. ते मीटर कशाला आहे?’

पक्के करायचे म्हणजे या डब्यातले कुंकू काढून पाहायचे, हे दोघांनाही कळत होते. सरांनी कापूस घेतला, स्पिरिटची बाटली घेतली आणि त्यांचा हात डब्यावर थबकला. इतकी पुस्तके वाचलेला हा माणूस, पण तो बोट पुढे नेऊ शकला नाही. मी त्यांना हसलो नाही. मलाही त्या लाल ठिपक्याची भीती वाटू लागली होती.

शकुंतलाबाई उठून देवघरात गेल्या. सकाळची पूजा राहिली होती. त्यांनी ताम्हनात देव घेतले, त्यांच्यावर पाणी घातले आणि अचानक तिथूनच हाक मारली.

‘अहो, इकडे बघा. मी आत्ता काय करते आहे?’

‘देवांना स्नान घालते आहेस.’

‘कालचं गंध, कालचं कुंकू कुठं गेलं?’

‘पाण्यात.’

‘मी पुसलं का ते? रोज उतरतं आणि रोज नवं लागतं. देवाचं चालतं, तर डब्याचं का चालू नये? आणा इकडे तो कापूस.’

त्यांनी डबा ताम्हनाशेजारी पाटावर घेतला. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने त्या मायक्रोकंट्रोलरला हलक्या हाताने अंघोळ घालू लागल्या. मान तिरकी करून, तान्ह्याच्या कानामागे पुसावे तसे पायांमधले कुंकू काढले. भिंगातून पाहिले, पुन्हा काढले. मग झाकण लावले आणि झाकणाच्या बाहेरून, कोपऱ्यात, कुंकवाचे एक बोट उमटवले.

‘आता मोजा.’

सरांनी मला पुन्हा वाटेत बसवले. टॉवेल ओला करून तंबू धरला. शून्यावरचा माझा काटा आणि त्याखालचा सरांचा डोळा, एवढेच जग उरले होते. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. टॉवेलातून एक थेंब टेबलावर पडला. मी वाट पाहत होतो. काटा हलू नये असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होते.

तो हलला नाही. सरांनी न्हाणीचे दार उघडून डब्यावर वाफ येऊ दिली, तरी हलला नाही. शेवटी त्यांनी डब्यासमोर आपला हात हलवला. काटा एकदा उडाला, घंटा खणखणीत वाजली, आणि पुन्हा शांतता. मग नाजूक पट्टीवर, तार धरून-सोडून, झोपेतले मापही घेतले. तेही तेवढेच होते, जेवढे असायला हवे.

दिवसभर त्यांनी तेच करून पाहिले. जेवायला उठले नाहीत. दिवेलागणीच्या आधी त्यांनी कागद ओढला. या वेळी त्यांनी पुष्पांजलीला नव्हे, रुखमाबाईंना लिहिले. लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचत होते, म्हणून मला ते पाठ आहे.

‘सौ. रुखमाबाई यांस नमस्कार. तुमच्या सुनेचे काम बिनचूक आहे. तिच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, ही चूक माझी. डब्याच्या आत लावलेले कुंकू दवाने ओले होते आणि डब्याला झोपू देत नाही, म्हणून सेल लवकर संपतो. हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. आत कुंकू असताना काटा उडतो, नसताना उडत नाही. तुम्ही देवाला रोज स्नान घालून नवे कुंकू लावता, तसेच डब्याला एकदा स्नान घाला आणि कुंकू झाकणावर बाहेरून लावा. ते दवाने गेले तर गेले. घरातली घंटा तुमच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवा आणि रोज तिला कुंकू लावा. हे काम तुमच्याच हाताने व्हावे. माझ्याकडचा डबा धुऊन, तपासून पाठवत आहे. रविवारी ज्ञानेश्वररावांनी एकट्याने जाऊ नये. चार माणसे, ढोल घेऊन, ऊन वर आल्यावर जावे, हा डबा बांधावा आणि उरलेले दोन काढून घरी आणावेत. ते धुऊन, मोजून पुन्हा बांधले की सेलसाठी पावसाळ्यापर्यंत कोणाला तिथे जावे लागणार नाही.’

सही करताना ते थांबले. खाली एखादे ‘बहुधा’ जोडावे असे त्यांना वाटत होते. बोटे कागदावर रेंगाळली. मग त्यांनी पूर्ण नाव लिहिले, हुद्दा लिहिला आणि पेनाला टोपण लावले.

‘आणि उरलेले दोन डबे ती कशानं मोजणार?’ शकुंतलाबाईंनी विचारले.

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी समजलो.

मित्रांनो, आता मी एका खोक्यात आहे. भोवती जुन्या लुगड्याचे तुकडे आहेत, शेजारी स्नान झालेला डबा आणि त्याची घंटा आहे आणि माझ्या काचेवर ते पत्र आहे. सरांनी माझ्या दोन टोकांना तार घट्ट बांधली आहे. तसे केले की प्रवासाच्या हिसक्यांनी काटा उधळत नाही. जुन्या यंत्राला प्रवासाला धाडताना एवढी काळजी घेणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. पुष्पांजलीच्या घरी माझे काय होईल, मी बरोबर दाखवीन का, मला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने मोजणारे यंत्र असेल तर त्याच्याखाली कागद दाबू नका, त्याला मोजू द्या. आणि मोजाल तेव्हा ती वस्तू जिथे राहते, ज्या थंडीत, ज्या दवात राहते, तिथे जाऊन मोजा. कोरड्या खोलीतले माप खरे असूनही अपुरे असते. आमच्यासारख्यांचा अडथळाही हिशेबात धरा. त्याचा आम्हाला राग येत नाही.

खोक्याबाहेर माणसांचा आवाज येतो आहे. पोस्टाची रांग सरकते आहे. सर स्वतः आले आहेत.

‘आत काय आहे, काका?’ खिडकीतून कोणीतरी विचारले.

‘एका पत्राचं उत्तर.’

वजनकाट्यावर खोके ठेवल्याचे मला जाणवले. ‘बापरे! एवढं जड?’

‘उशीर झाला ना,’ सर म्हणाले. ‘शनिवारच्या आत पोचेल?’

‘पोचेल.’

‘नक्की?’

‘नक्की, काका.’

माझ्या डोक्यावर शिक्का आपटला. काटा हलला नाही.